गृहस्थाचे आनृण्य

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवात शिष्यवर्गापुढे झालेले व्याख्यान)



गुरुबंधू आणि भगिनीजनहो, मठाच्या सभामंडपात ‘ऋण’ हा शब्द उच्चारला की श्रोत्यांच्या मनात तीन ऋणे उभी राहतात. देवऋण यज्ञाने, ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण संततीने फेडावयाचे, हे नुकती मुंज झालेला बटूही सांगेल. महाभारताच्या आदिपर्वात पांडुराजा त्यांत मनुष्यांच्या ऋणाची भर घालून ही संख्या चारांवर नेतो. परंतु या मंडपात बसणाऱ्या कित्येकांच्या उशाशी रात्री जे ऋण येऊन बसते ते या चारांपैकी नव्हे. ते बँकेचे असते, पतसंस्थेचे असते, खिशातल्या कार्डाचे असते, क्वचित मेहुण्याकडून हातउसने घेतलेले असते. त्याविषयी मठात बोलू नये, तो प्रपंचाचा विटाळ बाहेर चपलांपाशी ठेवून यावे, असा एक संकोच आपल्याकडे रूढ झाला आहे.

शास्त्राला हा संकोच नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतात बुडालेला, कर्जाने भ्यालेला मनुष्य रात्री परक्यांच्या घराकडे जाताना दिसतो. मागे त्याची पत्नी आणि माता तळमळत असतात. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर केवळ आनृण्यासाठी, म्हणजे ऋणमुक्तीसाठी, केलेल्या प्रार्थना आहेत. त्यांतील उपासक इहलोकी, परलोकी आणि तिसऱ्या लोकीही आपण अनृण असावे असे मागतो. व्यवहाराच्या अठरा पदांची गणना करताना मनूने पहिले स्थान दिले ते ऋणादानाला. चोरी, मारहाण, सीमातंटा ही सर्व त्याच्या मागून येतात. आणि समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात लेकुरवाळ्या, कर्जात रुतलेल्या, धनकोंनी गाठलेल्या गृहस्थाचे जे चित्र काढले आहे ते वाचताना आजही कोणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा विषय मठाच्या उंबरठ्याबाहेरचा नाही. आता त्याच्या पोटात शिरावयाचे, तर प्रथम व्याजाचे गणित पाहिले पाहिजे. कारण कर्जबाजारी गृहस्थाला आपल्या कर्जाचा आकडा बहुधा पाठ असतो, दर मात्र ठाऊक नसतो.

वसिष्ठाच्या नावावर मनूने जो दर दिला आहे तो दरमहा मुदलाच्या ऐंशीव्या भागाचा. म्हणजे शेकडा सव्वा, वर्षाचे पंधरा टक्के. कौटिल्यही सव्वा पणच धर्म्य मानतो. त्यापुढे त्याने व्यापारी व्यवहारासाठी शेकडा पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यासाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यासाठी वीस, असे चढते दर सांगितले आहेत. त्यामागील विचार उघड आहे. अरण्यात चोर आहेत, समुद्रात वादळ आहे. धनकोचे धन बुडण्याचे भय जितके, तितके व्याज. आता आजचा मध्यम गृहस्थ पाहा. तो अरण्यात जात नाही, समुद्रावर जात नाही. मडगावच्या वा बेळगावच्या आपल्या घरी बसून कार्डावर दिवाळीचे कपडे आणि एक नवा फ्रिज घेतो आणि बाकी थकली की दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज देतो. वर्षाचे बेचाळीस टक्के. कौटिल्याच्या काळी व्यापारासाठी धोका पत्करणाऱ्याचा जो दर, त्याच्या जवळपास तो केवळ आळसापायी जाऊन पोहोचला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अशा कार्डांच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घालून दिली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. यास्तव आज त्या बाजूने कसलेही कुंपण आहे असे समजू नये.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मनूने आणि याज्ञवल्क्याने तारणावाचून दिलेल्या कर्जाचे दर वर्णानुसार लावले आहेत: ब्राह्मणाला शेकडा दोन, आणि उतरत उतरत शूद्राला पाच. त्याचे समर्थन करण्याची गरज नाही आणि ते करता येणारही नाही. मात्र ज्याच्यापाशी कमी, त्याच्याकडून जास्त घ्यावयाचे, ही रीत स्मृतींबरोबर गेली असेही नाही. ज्याच्यापाशी घर आणि शेत आहे त्याला बँक नऊ-दहा टक्क्यांनी बोलावते. ज्याच्यापाशी गहाण टाकावयास काही नाही त्याला बेचाळीस.

जुन्यांनी एक मर्यादा घातली होती, तिचे नाव दामदुपट. व्याज साचत साचत मुदलाच्या बरोबरीला आले की त्यापुढे मागावयाचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही हा नियम हिंदू ऋणकोला लागू ठेवला. पण मनूच्या त्या वचनात ‘सकृत्’ असा एक शब्द आहे, आणि पाठशाळेतील विद्यार्थी तो बहुधा घाईने ओलांडून पुढे जातात. सकृत् म्हणजे एकवार. एकाच वेळी मागितलेले व्याज दुपटीच्या पुढे जाऊ नये, एवढाच तो नियम आहे. महिन्याच्या महिन्याला, हप्त्याहप्त्याने उचललेल्या व्याजाला ही मर्यादा लागत नाही. आजचे बहुतेक कर्ज नेमके या फटीतून चालते. जो दरमहा नेमाने ‘किमान देय रक्कम’ भरतो आणि आपण अगदी वक्तशीर आहोत या समाधानात असतो, त्याच्याकडून दुप्पट कधी गेली हे त्याला कळतही नाही.

उदाहरण घ्यावे. एका गृहस्थाचे कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत, दर महिन्याला साडेतीन टक्के. कर, दंड वगैरे बाजूला ठेवू, आणि त्याने त्या कार्डावर नवी खरेदी पूर्ण थांबवली आहे असे धरू. तो दरमहा ४,००० रुपये भरतो. पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० होते, म्हणजे मुदलातून फक्त ५०० रुपये फिटले. अशा चालीने साठ हप्ते देऊनही थोडे उरतेच. एकसष्टाव्या महिन्यात तो मोकळा होतो आणि तोवर त्याने सुमारे २ लाख ४२ हजार रुपये दिलेले असतात. आता त्याच गृहस्थाने घरखर्चातून महिन्याला आणखी एक हजार काढले आणि हप्ता ५,००० केला, तर काय होईल? पस्तीस महिन्यांत कर्ज संपते आणि एकूण १ लाख ७५ हजार जातात. सव्वीस महिने आणि जवळजवळ ६७ हजार रुपये वाचले. हप्ता ८,००० करता आला तर सतरा महिने पुरतात आणि सुमारे १ लाख ३४ हजारांत सुटका होते.

या गणितात खरे मर्म कोठे आहे ते पाहावे. हप्ता चारांवरून पाच हजारांवर गेला, म्हणजे सव्वापट झाला. परंतु पहिल्या महिन्यात मुदलात जाणारी रक्कम पाचशेवरून दीड हजारावर, म्हणजे तिपटीवर गेली. कारण व्याजाचे पोट आधीच भरलेले आहे. वरचा प्रत्येक रुपया सरळ मुदलावर पडतो. म्हणूनच ‘एवढ्या तेवढ्या काटकसरीने काय होणार’ हे वाक्य कर्जबाजारी माणसाच्या तोंडी चुकीचे आहे. ज्याला कर्ज नाही त्याचा वाचवलेला हजार हा हजारच राहतो. ऋणकोचा हजार मात्र तिप्पट जोराने काम करतो. आणि महिन्याचे हजार म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपये. हॉटेलातील एका वेळच्या चहाफराळाचेही नव्हेत.

हे तेहतीस रुपये काढावयाचे कोठून? या प्रश्नापाशी आपल्या घरांत एक अन्याय ठरलेला असतो. काटकसर करावयाची असे ठरले की ती प्रथम गृहिणीच्या ताटात शिरते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले ती खाते, आपले औषध पुढच्या महिन्यावर ढकलते, माहेरी जाणे टाळते. आणि कर्ज करणाऱ्याचे पान-तंबाखू, मित्रमंडळींतील जेवणे, वाहनाची हौस ही अबाधित राहतात. अशी काटकसर ही दुसऱ्याच्या अंगावर काढलेले दुसरे कर्जच होय. ज्याने ऋण केले त्याच्या हौसेपासून आरंभ व्हावा, आणि मुलांचे दूध, वृद्धांचे औषध व शाळेचे शुल्क यांना हात लागू नये. कुटुंबभरणाला शास्त्राने जे अग्रस्थान दिले आहे ते कर्जाच्या काळातही ढळत नाही.

त्याआधी घरात बोलले पाहिजे, हे त्याहून कठीण. पुष्कळ घरांत कर्ज हे घरधन्याचे गुपित असते. पत्नीला दागिना गहाण पडल्यावर कळते, मुलग्याला बँकेचा माणूस दारी आल्यावर. गुपितात काटकसर होत नाही. कारण ज्यांनी ती करावयाची त्यांना तिचे कारणच ठाऊक नसते, आणि मग घरधन्याचा ‘नको’ हा त्यांना केवळ चिक्कूपणा वाटतो. आपल्या मठमंदिरांत आणि जुन्या पेढ्यांत रोजकीर्द लिहिण्याची चाल होती. दिवसाचा जमाखर्च दिवे लागल्यावर लिहावयाचा, दमडीची चूक सापडेपर्यंत उठावयाचे नाही. ती कीर्द घरात पुन्हा सुरू करावी. शंभर पानांची एक वही पुरे. तीत पहिल्या पानावर सर्व कर्जे, ज्याची त्याची बाकी आणि दर लिहावा. आणि ती वही घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला उघडून पाहता यावी. एक महिना नुसते लिहावे, काही कापू नये. महिनाअखेर बेरीज केली की कोठे कापावे हे कोणी सांगावे लागत नाही. ज्या नव्या मासिक वर्गण्या मोबाईलमधून आपोआप वजा होतात, त्यांची तर पहिल्या बेरजेतच लाज वाटते.

कापण्याची रीत मात्र आपल्यापाशी आयती आहे, आणि ती चातुर्मासाची. श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य वर्ज्य करण्याचे व्रत आपल्या कित्येक घरांत अजून चालते. त्या व्रताची रचना पाहण्यासारखी आहे. सर्व एकाच वेळी सोडावयाचे नाही. एक पदार्थ, एक मास. आरंभी संकल्प, अखेरीस उद्यापन. मनुष्यस्वभावाची यात केवढी पारख आहे! ‘आजपासून सर्व खर्च बंद’ म्हणणारा आठव्या दिवशी मोडतो, आणि मोडल्यावर पूर्वीहून अधिक खर्च करतो. ‘या महिन्यात बाहेरचे जेवण नाही, पुढच्या महिन्यात नवे वस्त्र नाही’ असे म्हणणारा टिकतो. श्रावणात कोकणपट्टीवरील बहुतेक घरांत मासळी येत नाही. मासळीचे ते महिनाभराचे पैसे जातात कोठे, हे कोणी मोजले आहे काय? ते वेगळ्या डब्यात पडले आणि महिनाअखेर हप्त्यात गेले, तर त्या श्रावणाचे पुण्य कमी होईल असे मानण्यास कोणताही आधार नाही. अर्थात व्रताचाही खर्च करता येतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही; साबुदाणा, शेंगदाणे, फळे आणि बटाट्याचे तळण यांनी एकादशीचा बाजार द्वादशीहून महाग करणारी घरे पुष्कळ.

श्रावण संपता चवथ येते. गोमंतकात वर्षातील मोठे कर्ज लग्नाखालोखाल चवथीचे. माटोळीला लागणारी फळे, कंद, पाने, रानवेली हे सारे एकेकाळी आपल्या कुळागरातून आणि रानातून जमवले जात असे. ज्याच्या भागात जे पिके ते गणपतीवर टांगले जाई. आज तीच माटोळी बाजारातून विकत आणतात आणि शेजाऱ्याहून भरगच्च व्हावी म्हणून आणतात. त्यावर दारूकाम, त्यावर नवे पडदे. देवाने यांपैकी काय मागितले होते? पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर संतुष्ट होणाऱ्याच्या नावे बेचाळीस टक्क्यांनी पैसा काढावयाचा, हे त्याच्या लौकिकाला शोभत नाही.

आणि येथे जे बोलणे अवघड तेही आज बोलले पाहिजे, कारण आज उत्सव आहे आणि देणगीची पुस्तके मंडपाच्या दारातच ठेवलेली आहेत. दानाविषयी याज्ञवल्क्याने घातलेली अट स्पष्ट आहे: स्वतःचे द्यावे, आणि कुटुंबाला बाध न येईल असे द्यावे. मनूने तर स्वजन दुःखात असता परक्यांना देणाऱ्याच्या दानाला आरंभी मध आणि चवीला विष म्हटले आहे. आता कर्जबाजारी मनुष्याचे ‘स्वतःचे’ म्हणजे काय? ज्याच्या खिशातले पैसे धनकोचे आहेत त्याने हुंडीत टाकलेली नोट ही धनकोची नोट आहे. दाता तो नव्हेच. यास्तव ज्याच्यावर चढ्या व्याजाचे कर्ज आहे त्याने कर्ज फिटेपर्यंत मठाला धन देऊ नये. सेवा द्यावी. पंगतीत वाढावे, तुळशीच्या माळा कराव्या, मंडप झाडावा, पाठशाळेच्या मुलांना तासभर शिकवावे. त्याचे नाव संगमरवरी फरशीवर कोरले जाणार नाही, हे खरे. मठानेही अशा शिष्याकडे वर्गणीसाठी दुसऱ्यांदा माणूस पाठवू नये. मंडपातले चार लोक पाहतात म्हणून आकडा वाढवून लिहिणारे हात या सभेतही असतील. त्यांना तो आकडा खोडण्याची मोकळीक असली पाहिजे.

गुरू आणि कर्ज यांची गाठ पडली म्हणजे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी थोरल्या बाजीरावाचे गुरू. स्वामींनी देवळे बांधली, तळी व विहिरी खोदविल्या; आणि त्याचबरोबर ते सरदारांना व्याजाने पैसाही देत. बाजीरावाने त्यांना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाचा जाच आणि सावकारांपुढची अगतिकता पदोपदी प्रकट होते. उत्तरेत ज्याच्या घोड्यांची धूळ पाहून मोठमोठे थरारत, तो मनुष्य सावकारापुढे असा वाकतो, हे वाचून मन खिन्न होते. स्वामींवर दोष ठेवण्याचा येथे हेतू नाही. तो काळ वेगळा होता, राज्याच्या गरजा वेगळ्या होत्या. परंतु धनको झालेल्या गुरूपुढे शिष्याचे मस्तक भक्तीने लवते की बाकीने, हे त्या शिष्यालाही नक्की सांगता येत नसेल. स्वामी १७४५ साली गेले. पेशव्यांच्या घरातले कर्ज मात्र पिढ्या ओलांडून चालले. १७७२ साली थेऊरला क्षयाने झिजत असलेल्या माधवरावाने अखेरच्या दिवसांत जी कलमे लिहविली त्यांत कर्ज वारण्याची चिंता आहेच. पानिपतानंतर राज्य सावरणारा हा अठ्ठाविशीच्या आतला पुरुष मृत्युशय्येवर देण्याचा हिशेब करीत होता.

सामान्य गृहस्थाचे कर्ज राज्याचे नसते आणि त्यामुळेच ते फिटण्याजोगे असते. त्याचा क्रम कसा लावावा, याविषयी स्मृती आणि गणित यांत थोडा मतभेद दिसतो. अनेक धनको असता ज्याचे आधी घेतले त्याचे आधी द्यावे, असा याज्ञवल्क्याचा सामान्य नियम आहे. धनको-धनकोंत न्याय करावयाचा असेल तेव्हा तो योग्यच. परंतु जेथे एका बाजूला शेकडा साडेतीनचे कार्ड आणि दुसऱ्या बाजूला शेकडा पाऊणचे घरकर्ज आहे, तेथे घरकर्जाचा ठरलेला हप्ता तेवढा देऊन वाचलेला सर्व पैसा कार्डावर घातला पाहिजे. पेटीत सोने असेल तर त्याचाही विचार करावा. दागिना कुलपात निजलेला आणि व्याज रात्रंदिवस जागे, ही स्थिती बहुतेक घरांत केवळ ‘लोक काय म्हणतील’ या भयाने टिकून आहे. मात्र ते सोने स्त्रीधन असेल तर निर्णय तिचा. मागणे हाही तेथे दबावच ठरतो, म्हणून तिने आपण होऊन म्हणेपर्यंत तो विषय काढू नये हे बरे. मेहुण्याचे हातउसने बिनव्याजी म्हणून शेवटी ठेवावयाचे, असे गणित सांगेल. पण त्याच्या मुलीचे लग्न ठरले असेल तर गणित बाजूला ठेवावे.

राहिला फेडीचा विधी. याज्ञवल्क्याने तोही सोडलेला नाही. एकदम देता येत नसेल तर जसजसे द्यावे तसतसे ऋणपत्राच्या पाठीवर लिहावे. साक्षी ठेवून घेतले असेल तर साक्षी ठेवूनच परत करावे. आणि सर्व फिटल्यावर ते पत्र फाडून टाकावे. आज ऋणपत्र बँकेच्या यंत्रात असते, ते फाडता येत नाही. त्याऐवजी काहीही देणे उरले नसल्याचा दाखला लेखी मागून घ्यावा, कार्ड बंद केल्याचे पत्र घ्यावे, आणि मग कात्रीने त्या कार्डाचे दोन तुकडे करून, रोजकीर्दीच्या ज्या पहिल्या पानावर ते कर्ज लिहिले होते त्याच पानावर, घरातील सर्वांदेखत, आडवी रेघ ओढावी. ज्या महिन्यात हे घडेल त्या महिन्यात नैवेद्याला पायस करण्यास हरकत नाही. व्रत आहे, तेव्हा उद्यापन हवेच.